घोडीला हिरवं घालताना

लग्न होऊन हर्सूलला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी सासरी स्वतःचं हसं करून घेतलं. माझं माहेर सिल्लोडकडचं, मेंढरांचं. जनावर खाऊन झालं की निवांत रवंथ करतं, आणि करत नसेल तर त्याचं काहीतरी बिनसलंय, हे मला चालायला लागल्यापासून ठाऊक. सासरी दारात घोडी होती. सासऱ्यांनी तिला गवत घातलं आणि मी भांडी घासता घासता तिच्याकडे बघत बसले. खाऊन झालं, पाणी पिऊन झालं, बाई आपली नुसती उभी. जबडा हलेना. शेवटी न राहवून पदर सावरत मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, घोडी आजारी हाय. रवंथच करीना."

आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात. मामा आधी माझ्याकडे बघत राहिले, मग बाजेवर मागं कलून असे हसले की त्यांना ठसका लागला. मला रडू आलं आणि रागही आला. पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "पोरी, घोडं रवंथ करत नस्तं. आन् त्याला वकता बी येत नाय. एकदा पोटात गेलं ते गेलं, परत वर येनार नाय. म्हून त्याच्या तोंडात काय जातंय ते आपुन बघायचं."

घरात आम्ही तिघंच. मामा, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तळ्याच्या अंगाला थोडी शेती, एक बैलजोडी, आणि ही घोडी. पोलीस ॲक्शननंतर शहरातल्या एका मोठ्या घराची पागा मोडली, तेव्हा मामांनी तिथली एक घोडी आणून टांगा सुरू केला होता. आमची घोडी ही तिची लेक, आमच्याच दारात जन्मलेली. हर्सूल ते शहागंज हा रस्ता तिला इतका पाठ होता की मामा लगाम हातात घेऊन डुलकी काढत आणि ती शहराच्या दिल्ली गेटमधून बरोबर आत जाई.

पुढं मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून जात. एकदा दिल्ली गेटजवळ टांगा एका ट्रकला घासला. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी माझा नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यातून घरी आला आणि त्यानं टांग्याची चाकंच काढून ठेवली. बाप-लेकात भांडण झालं नाही. मामा नुसते चाकांकडे तोंड करून बसून राहिले.

तेव्हापासून घोडी दिवसभर ठाणावर बांधलेली. आजूबाजूला सगळी पेरलेली रानं, तिला मोकळं सोडणार कुठं? जे खायचं ते आम्ही पुढ्यात आणून टाकायचं. त्या उन्हाळ्यात कडब्यावर आणि जुनाट वाळल्या गवतावर ती उतरत गेली. बरगड्या दिसायला लागल्या. मामांना त्या दिसत नव्हत्या, पण खरारा करताना हाताला लागत होत्या. हात तिथं गेला की ते थांबत आणि मग खरारा पुढं चालू करत.

नवरा म्हणाला, "आबा, तुमाला दिसत नाय, मी दिवसभर कामावर. हिचे हाल करन्यापरीस ज्याच्याकडं सोय हाय त्याला देऊन टाकू."

मामा म्हणाले, "दसऱ्यापत्तोर थांब. आता हिरवं ईल. अंग धरलं तर ठिवू, नाय धरलं तर दे."

"बरं, दसऱ्यापत्तोर."

असं ठरलं, आणि हिरव्याचं काम माझ्याकडे आलं. गवतातलं भलतंसलतं वेचून काढायला डोळे लागतात, आणि घरात दिवसभर डोळे असलेली मी एकटीच. मला वाटलं, यात काय आहे? पावसाळा लागलाय, तळ्याच्या काठाला हराळी माजलीय, कापावी आणि भारेच्या भारे टाकावेत. महिनाभरात घोडी फुगेल. मामांनी माझा हा उत्साह पहिल्याच दिवशी मोडला. मी भारा आणून टाकला तर त्यांनी चाचपत त्यातलं मूठभर काढलं आणि म्हणाले, "आज एवढंच."

"एवढ्यानं काय व्हतंय मामा? दातात बी अडकायचं नाय."

"ती चार म्हयने वाळल्यावर हाय. तिच्या पोटाला सवय मोडली हिरव्याची. एकदम घातलं तर पोट तट्ट फुगल, नायतर पाय धरल, लंगडी व्हईल. आधी वाळलं पोटभर, मंग वरनं मूठभर ओलं. दोन-चार दिसांनी मूठ वाढवायची."

उरलेला भारा बैलांना गेला. त्या दोघांची चैन झाली.

हळूहळू मला त्यातलं कळायला लागलं. दव वाळल्यावरच कापायचं. मुळासकट उपटायचं नाही, माती पोटात जाते. कापून आणलेलं ढिगानं ठेवायचं नाही, सावलीला पातळ पसरायचं, कारण ओल्या गवताचा ढीग आतून तापतो आणि असं तापलेलं गवत घोड्याला विष होतं. बैलाला एखादवेळेस चालून जातं, घोड्याला नाही. बांधाच्या कडेचं कापताना एरंडाचं पान, धोतऱ्याची फांदी आली का बघायचं. ज्वारीची कोवळी धाटं तर जवळही आणायची नाहीत. गव्हाणीत आधीचं शिळं उरलं असेल तर ते काढल्याशिवाय नवं टाकायचं नाही. मला चिडचिड व्हायची. एवढे सोपस्कार मी माझ्या नवऱ्याच्या जेवणाचेही करत नव्हते. एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर मामा म्हणाले, "त्याला वकता येतंय की."

पण गंमत अशी की शिकवणारे हेच, आणि नियम मोडायला टपलेलेही हेच. मूठ वाढवायला मी चार दिवस थांबले की यांना धीर धरवायचा नाही. दसरा जवळ येत होता ना! रोज सकाळी पोराच्या कामावर जाण्याच्या वेळी ते घोडीच्या बरगड्यांवरून हात फिरवून मोठ्यानं म्हणत, "भरतीय बरं का. भरतीय." नवरा हो म्हणायचा आणि सायकल काढायचा. मग मामा मला हळूच विचारत, "आज किती घालतीस?" मी सांगितलं की तोंड पाडत. दोनदा मी त्यांना चोरून जास्तीचं गवत टाकताना पकडलं. पदर खोचून गव्हाणीसमोर उभी राहिले. "मामा, तुमीच सांगितलं ना?" ते म्हणत, "व्हय व्हय, सांगितलं," आणि हातातली मूठ माझ्या हातात देत. सुनेनं सासऱ्याच्या हातातून गवत काढून घेणं गावात कुणाला पटलं नसतं, पण आमच्या दारात कोण बघायला येत होतं?

मग पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलांचे खांदे तुपाहळदीनं चोळायचे आणि त्यांना आवतण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. नवऱ्यानं दोन्ही बैलांच्या कानाशी ते म्हटलं. मी चुलीपाशी होते. पाहिलं तर मामा भिंत धरत धरत घोडीपाशी गेले, उरलेली हळद तिच्या मानेला लावली आणि तिच्याही कानात म्हणाले, "आवतन घ्या, उद्या जेवाया या." मला हसू आलं. घोडीला कुठं पोळा असतो? तिचा मान दसऱ्याला. मी म्हटलं, "मामा, बैल रुसतील." ते म्हणाले, "बैल रुसू दे. ही बी राबलीच की आपल्यासाठी."

पोळ्याच्या दिवशी रानात काम करत नाहीत, म्हणून बैलांचं गवत मी आदल्या दिवशीच कापून आणलं होतं. पावसाची चिन्हं होती, तेव्हा ते गोठ्याच्या कोपऱ्यात रचून त्यावर गोणपाट टाकलं. घोडीचं वेगळं, पडवीत पसरलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा बैल सजवून वेशीवर घेऊन गेला. सगळं गाव तिकडं. मी पुरण वाटत होते. तेवढ्यात मामांची हाक आली. आवाज त्यांचा वाटेना.

"पोरी, बघ गं हिला. काय करतीय ही?"

घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. अंगाला घाम सुटलेला. गव्हाणीत गवत होतं, मी न टाकलेलं. त्यात हात घातला तर ते अजून कोमट होतं. ढिगातलं, बैलांचं. आवतण दिलं होतं ना, मग मामांनी पाहुणीला पोटभर जेवायला घातलं होतं.

मी इतकी भडकले की माझं भान सुटलं. "डोळ्याला दिसत नाय, पर हाताला बी कळाया नको व्हतं का? कोमट लागतंय की! मारता का तिला?" सुनेच्या तोंडी शोभणारं हे बोलणं नव्हतं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. मामा भिंतीला टेकून खाली बसले.

शेजारच्या पोरीला वेशीकडं पळवलं आणि मी घोडी सोडून हातात धरली. खाली पडून लोळली की आतडं पिळतं, एवढं ऐकून होते. नवरा धावत आला. गुलाल कपाळाला तसाच. काय झालं ते एका नजरेत कळलं त्याला. बैल दुसऱ्याच्या हाती देऊन सायकलवर टांग मारली आणि शहरातून जनावरांच्या डॉक्टरला आणायला गेला.

मी गल्लीतून घोडीला फिरवत राहिले. समोरून गावचे बैल परत येत होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, हलगी वाजतेय, आणि मी उलट्या दिशेनं ही घामेजलेली घोडी ओढत चाललेय. ती मधेच थांबायची, गुडघे वाकवायची. मी तिला शिव्या देत होते आणि रडत होते. "चल गं बये, चल. बसू नगंस." बायका दारातून विचारत होत्या, मी चालत राहिले.

डॉक्टर सायकलच्या कॅरिअरवर बसून आले. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आता पोट चालू झालं तर वाचली. कान लावून ऐकत राहा. मी तिच्या कुशीला कान लावला. आत काहीच नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा कान लावला. माझ्यानंतर नवरा फिरवू लागला. मामा होते तिथंच, भिंतीला टेकून. त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही, मीही नाही.

दिवेलागणीला तिच्या पोटात गुडगुडल्यासारखं झालं. आणि थोड्या वेळानं लीद पडली. घोडं पाळणाऱ्या घराला त्या आवाजाचं काय वाटतं ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. मामा ताडकन उठले. "लीद पडली का? पडली का?" म्हणत चाचपत आले, वाकले आणि दोन्ही हातांनी लीद चाचपून बघितली. मग तसेच हात पुढं धरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे हमसून रडले. मी पाण्याचा तांब्या आणून त्यांचे हात धुतले.

बैलांची पूजा उशिरा झाली. पुरणपोळ्या गार झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी नवरा म्हणाला, "आबा, आता बास. सिल्लोडला एक जन हाय, चांगल्या घोडीच्या शोधात हाय. त्याला दसऱ्यानंतर या म्हून निरोप धाडतो."

"धाड," मामा म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायची जागाच उरली नव्हती.

मला नवऱ्याचा राग आला नाही, हे खरं सांगते. त्याचं बरोबर होतं. पण मामांचं घरात असणंच त्यानंतर बदललं. ते गव्हाणीजवळ जाईनात. खरारासुद्धा करीनात. लांबूनच तिच्या चघळण्याचा आवाज ऐकत बसत. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी नुसतं वाळलं गवत आणि कोंड्याचं पाणी, मग चिमूटभर हिरवं, मग मूठ. एका सकाळी मला ते बघवेना. पसरलेली हराळी वेचली, बरोबर जेवढी द्यायची तेवढी मामांच्या ओंजळीत ठेवली आणि म्हटलं, "तुमच्या हातानं घाला."

"नगं."

"मोजून दिलीय मी. घाला."

घोडीनं त्यांच्या हातातून खाल्लं. पुढं रोज तसंच. मी बघायची, वेचायची, मोजायची, आणि घालायचे ते. माझ्या परवानगीशिवाय त्यांनी पुन्हा काडीही टाकली नाही. आणि आश्चर्य म्हणजे घाई कुणालाच नाही म्हटल्यावर घोडी खरोखर भरायला लागली. बरगड्या झाकल्या, अंगावर तकाकी आली. दसऱ्याला मी तिला ओवाळलं तेव्हा ती वयानं निम्मी दिसत होती. एकीकडे छाती भरून येत होती आणि एकीकडे मनात येत होतं, आपण हे दुसऱ्याच्या दारासाठी सजवतोय.

सिल्लोडचा पाहुणा आला. माणूस भला होता, उगीच वाईट कशाला म्हणू? घोडीचे दात बघितले, खूर उचलून बघितले, थोडी पळवून बघितली. त्याच्या तोंडावरच दिसत होतं, घोडी मनात भरली. मामा तिच्या मानेवर हात ठेवून उभे होते. ते त्याला सांगायला लागले. हिरवं एकदम घालू नका, ढिगातलं घालू नका, दव वाळू द्या, आधी वाळलं, मग ओलं. सांगतच राहिले.

पाहुणा हसला. मनापासून हसला. "बाबा, काय बी काळजी करू नगा. माझ्याकडं हिरव्याला तोटा नाय. मका असा हिरवागार उभा हाय. मी तर दावं बी लावनार नाय हिला. मोकळी सोडतो मक्यात, खाऊ दे पोट फुटंपत्तोर. बांधून बांधून लई हाल झाले तिचे."

मामांचा हात मानेवर तसाच राहिला. त्यांनी 'धाड' म्हटलं होतं, आता कुठल्या तोंडानं बोलणार? मी नवऱ्याकडे बघितलं. निरोप त्यानं धाडलेला. बोलावून घेतलेल्या माणसाला दारातून नाही म्हणणं आमच्यात होत नाही. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "पावनं, एक सांगायचं ऱ्हायलं. घोडी पोटाची कच्ची हाय."

"म्हंजी?"

"पोळ्याला मरता मरता वाचली. वर्सातनं दोन-चारदा व्हतं तिला तसं. डॉक्टर आनावा लागतो." जरा थांबून त्यानं पुढं रेटलं, "आन् अधनंमधनं पाय बी धरती. आज चांगली चालली, उद्या चालल का सांगता येत नाय."

पोळ्याचं सोडलं तर एक शब्द खरा नव्हता. ती घोडी जन्मात लंगडली नव्हती. पाहुण्यानं पुन्हा एकदा तिच्या पायांकडे बघितलं, उसासा टाकला आणि चहा प्यायला बसला. जाताना नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "आजकाल इकनारा मानूस असं खरं सांगत नाय. देव तुमचं भलं करो." नवऱ्यानं मान खाली घातली. मी तोंडाला पदर लावून आत पळाले.

पण मामा संतापले होते. डोळे जाऊ लागल्यापासून त्यांना असं पेटलेलं मी पाहिलं नव्हतं. "माझ्या घोडीला नावं ठिवलीस? परक्या मान्साम्होरं? कच्ची म्हनलास? पाय धरती म्हनलास?" संध्याकाळी मामा जेवायला उठेनात. भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडून राहिले. मी दोनदा हाक मारली. शेवटी नवऱ्यानं माझ्या हातातलं ताट घेतलं, बाजेजवळ खाली बसला आणि म्हणाला, "आबा, खरं सांगितलं असतं तर घेऊन गेला असता की तो."

मामा मग उठून बसले. हात पुढं केला, तो आधी पोराच्या गालाला लागला, तिथंच जरा थांबला, मग ताटाकडं आला.

"तरी पाय धरती म्हनायचं नव्हतं," ते म्हणाले आणि जेवायला लागले.